तालमीच्या कट्ट्यावरचं कोल्हापूर

आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की कोल्हापूरच्या पेठांतून 'पी ढबाक' सुरू होतं. सनई आणि ढोलाच्या त्या ठेक्याला इथं याच नावानं ओळखतात. मंगळवार किंवा शुक्रवार असतो. गल्लीतल्या पोरी-बायका नटून-थटून नदीवर जातात, गढूळ नव्या पाण्यानं कलश-घागरी भरतात आणि वाजतगाजत शहर ओलांडून पूर्वेकडच्या टेंबलाईच्या टेकडीवर येतात. त्र्यंबोली ऊर्फ टेंबलाई देवीच्या पायऱ्यांवर ते पाणी ओततात. मग नैवेद्य होतो, आणि त्यानंतर गल्लीत मटणाचे वाटे पडतात. पाऊस कोसळत असला तरी मिरवणूक थांबत नाही. पाऊसच तर हवा असतो.

या यात्रेची जाहिरात कुठं लागत नाही. दिवस कुठला, कुणाची पाळी, वर्गणी किती, 'पी ढबाक'वाल्यांना सुपारी कुणी द्यायची, हे सगळं ठरतं तालमीत. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, एवढंच आपल्या डोक्यात असतं. कोल्हापुरात मात्र तालीम ही पेठेची सार्वजनिक संस्था आहे. तिथं गणपती बसतो, मोहरमचा पंजा बसतो, शिवजयंतीचं नियोजन होतं, फुटबॉलचा संघ तिच्याच नावानं उतरतो, कुणाच्या घरी मयत झाली तर पहिली चार पोरं तिथूनच धावतात. महापूर आला की जेवणाची पाकिटंही तिथंच भरली जातात.

बाहेरून येणाऱ्याचं कोल्हापूर बहुतेक एका दिवसाचं असतं. पहाटे अंबाबाईचं दर्शन, मग जोतिबा, वेळ उरला तर पन्हाळा, दुपारी तांबडा-पांढरा, परतताना चपला आणि गूळ. यातलं काहीही वाया जाणारं नाही, पण हे शहर संध्याकाळी सातनंतर उलगडतं, पेठांतल्या कट्ट्यांवर, आणि तोवर आपली गाडी पुण्याच्या वाटेला लागलेली असते. कोल्हापूरचे सण पाहायचे तर तालमीच्या बाजूनं पाहावेत, असं माझं ठाम मत झालं आहे.

तालमींना हे बळ दिलं राजर्षी शाहू महाराजांनी. कुस्तीचा नाद कोल्हापुरात त्यांच्या आधीही होता, पण राजाश्रयानं त्याला शिस्त आणि प्रतिष्ठा आली. उत्तरेतले मल्ल इथं येऊन राहू लागले. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराज युरोपात गेले, तेव्हा रोममध्ये त्यांनी तिथलं प्राचीन क्रीडागार पाहिलं. परतल्यावर खासबागेत तसंच गोल मैदान उभं करायचं त्यांनी मनावर घेतलं, आणि १९१२ मध्ये ते खुलं झालं. मधोमध लाल मातीचा हौदा, भोवती उतरती बैठक. कुठंही बसा, समोरच्या माणसाचं डोकं आड येत नाही. पन्नास-साठ हजार माणसं एका वेळी कुस्ती पाहू शकतील, असं हे मैदान एका संस्थानिकानं सामान्य प्रेक्षकासाठी बांधलं. आजही रिकाम्या मैदानात वरच्या पायरीवर उभं राहिलं की ही कल्पना किती मोठी होती ते कळतं. कोल्हापूरला जाणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे मैदान पाहायला सांगतो.

गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावं कुस्तीवाल्यांच्या तोंडी अजून मानानं येतात. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर ही माणसं या मातीत घडली. पहाटे चारला जोर-बैठकांचा आवाज, हळद-लिंबू-ताक-तेल घालून मुरवलेल्या मातीचा वास, कोपऱ्यात शेंदराचा मारुती, वस्तादांची एक हाक. पाहुण्यानं वस्तादांना विचारून, चपला बाहेर काढून आत पाऊल टाकलं तर सहसा कुणी अडवत नाही. आणि खाशाबा जाधवांची गोष्ट इथं सांगायलाच हवी. ते कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. पुढं ७२ वर्षांनी, २०२४ मध्ये, जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ मिळवलं, तेव्हा त्याच्या स्वागताला सगळं शहर रस्त्यावर आलं. पदकाचाही सण करणारं हे गाव आहे.

खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. तेही शाहू महाराजांनीच बांधलेलं, १९१५ सालचं, मूळ नाव पॅलेस थिएटर. कुस्तीचं मैदान आणि नाटकाचं थिएटर एकमेकांना पाठ लावून उभी आहेत, यातच या शहराचा स्वभाव दिसतो. संगीत नट केशवराव भोसले हे कोल्हापूरचे. १९०८ मध्ये त्यांनी 'ललितकलादर्श' नाटक मंडळी काढली आणि १९२१ मध्ये अवघ्या एकतिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, हे नाट्यगृह आगीत जळालं. ती बातमी ऐकून रात्रीच माणसं तिथं जमली. नाटकवाले, बॅकस्टेजची पोरं, आयुष्यात एकदाच शाळेच्या गॅदरिंगला त्या रंगमंचावर उभे राहिलेले गृहस्थ, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. छप्पर आणि रंगमंच गेला, दगडी भिंती राहिल्या. पुनर्बांधणी हाती घेतली गेली आहे. ती जुन्या रूपाला धरून, आवाजाची जुनी गुणवत्ता राखून पुरी व्हावी, यासाठी शहर जागं राहील असा विश्वास वाटतो, कारण ते थिएटर इथल्या माणसांनी स्वतःचं मानलेलं आहे.

गाण्या-सिनेमाबद्दल स्वतंत्र लेख हवा, म्हणून इथं थोडक्यात. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गोव्याच्या कन्यांच्या गळ्यातून जे जयपूर-अत्रौली गाणं देशानं ऐकलं, त्याची एक मोठी वाट कोल्हापुरातून गेली. १८८३ साली सुरू झालेला देवल क्लब अजून चालू आहे. बाबूराव पेंटरांनी इथंच स्वतः कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे, घाईत चुकतं, म्हणून पत्ता विचारून जावं. १ जून १९२९ ला 'प्रभात' इथंच जन्मली, 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट इथंच झाला, आणि १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली.

आता देवळाकडं. अंबाबाईचं मंदिर पश्चिमाभिमुख आहे, म्हणून किरणोत्सव घडतो. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखांना, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. पूर्वजांनी गणित बांधलं, पण ते गणित वाटेतल्या मोकळ्या आकाशावर उभं आहे. मंदिराच्या पश्चिमेला इमारतींचे मजले चढत गेले आणि किरणांच्या वाटेत अडथळे आले. ढग आले तर दोष कुणाचा नाही. मजले चढले तर तो आपला आहे, आणि काही अडथळे काढून दाखवल्यावर किरणं पुन्हा वर चढतात, हेही शहरानं पाहिलं आहे.

नवरात्रात बहुतेक लोक दर्शनाच्या रांगेत सहा-सहा तास उभे राहतात. माझा सल्ला वेगळा आहे. देवी स्वतः बाहेर पडते ते दोन दिवस गाठा. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या भेटीला टेकडीवर जाते. कोल्हासुराच्या वधाची आठवण म्हणून कुमारिकेच्या हातून कोहळ्याचा बळी दिला जातो, आणि कोहळ्याचा तुकडा मिळावा म्हणून जी झुंबड उडते तीत अंगात पैलवानकी असलेलाच टिकतो. आणि अष्टमीच्या रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते. महाद्वार, गुजरी, भवानी मंडप या रस्त्यांवर रांगोळ्या पडतात, फुलांचे सडे पडतात, पेठेपेठेतल्या मंडळांची धावपळ चाललेली असते. भवानी मंडपात तुळजाभवानीची आणि तिची भेट होते. रांगेत उभं न राहिलेली म्हातारी माणसं आपल्या उंबऱ्यावरून हात जोडतात. देवळातलं दर्शन आपण घ्यायचं असतं. या रात्री देवी दर्शन द्यायला दाराशी येते.

दसऱ्याला तीन पालख्या दसरा चौकात येतात: अंबाबाईची, भवानीची आणि गुरुमहाराजांची. छत्रपती घराण्यातले मान्यवर जुन्या मेबॅक गाडीतून येतात, शमीपूजन होतं, बंदुकीच्या फैरी झडतात आणि सोनं लुटायला गर्दी तुटून पडते. हा शाही दसरा म्हणून नावाजला आहे आणि अलीकडं त्याला पर्यटनाचं मोठं रूप देण्याचे प्रयत्नही चालू आहेत. पाहुण्यांची नजर त्या गाडीवर खिळते. मला मात्र चौकाचा परिसर पाहत राहावासा वाटतो. १९०१ पासून शाहू महाराजांनी वेगवेगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. त्यांतली कित्येक याच चौकाच्या आसपास आहेत, मुस्लिम बोर्डिंगही इथंच. सोनं लुटून झाल्यावर अंबाबाईची पालखी परतीला सिद्धार्थनगरातून जाते. तिथल्या दलित वस्तीत पायघड्या आणि रांगोळ्या घालून तिचं स्वागत होतं. शाही दसऱ्याचा सर्वांत मोलाचा तास हाच, आणि त्या वेळी टीव्हीचे कॅमेरे बहुधा आवरलेले असतात.

शाहू महाराजांना जाऊन ६ मे २०२२ ला शंभर वर्षं झाली. त्या सकाळी दहा वाजता कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी थांबलं. रिक्षा, बसगाड्या, बाजार, कचेऱ्या. एखाद्या राजासाठी शंभर वर्षांनंतर रस्त्यावरचा भाजीवाला तराजू खाली ठेवून उभा राहतो, हे दुसरीकडं कुठं घडलं असेल असं मला वाटत नाही.

मोहरमबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण पर्यटनाच्या पुस्तिकांत तो सापडत नाही. कोल्हापुरात कुदळ मारून मोहरमची सुरुवात होते आणि मग तालमीतालमींत पंजे बसतात. ज्या तालमीत गणपती बसतो तिथंच. पंजाची सेवा करणाऱ्यांत हिंदू घरं पिढ्यानपिढ्या आहेत, नवस बोलणारे तर सगळेच. घुडणपीर आणि बाबूजमाल इथल्या पंजांच्या दर्शनाला शहरभरातून माणसं येतात. चोंगे नावाच्या गोड रोट्यांचा नैवेद्य दाखवतात. मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या आदल्या रात्री, खत्तलरात्रीला, पेठा जाग्या असतात. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर तर गणपतीचं शिल्प कोरलेलं आहे, आणि ते वर्षानुवर्षं तसंच आहे. चंद्राच्या दिनदर्शिकेमुळं मोहरम दरवर्षी मागं सरकतो. २०१८ पासून सलग काही वर्षं गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले, तेव्हा कितीतरी तालमींत एकाच मांडवात गणपती आणि पंजा शेजारी शेजारी बसले. जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला तर पाच मशिदींत गणपती बसण्याची परंपरा आहे.

हे लिहिताना जून २०२३ विसरून चालणार नाही. समाजमाध्यमावरच्या मजकुरांवरून याच शहरात दगड भिरकावले गेले, दुकानांच्या काचा फुटल्या. कोल्हापूरकरांच्या ते जिव्हारी लागलं. ज्यांनी ते केलं त्यांतल्या कितीजणांनी आपल्या पेठेतल्या पंजापुढं कधी हात जोडले असतील, हा प्रश्न मला छळतो. तालमीचा कट्टा म्हणजे पोरं रोज समोरासमोर भेटण्याची जागा. पोरं तिथून उठून मोबाइलच्या पडद्यावर गेली की अफवेला रान मोकळं मिळतं. म्हणून पंजाचा मांडव पुढच्या पिढीनं सोडू नये, अशी माझी कळकळ आहे.

तरुण पोरांना कट्ट्यावर धरून ठेवणारी सर्वांत मोठी गोष्ट आज फुटबॉल आहे. महाराष्ट्रात इतरत्र क्रिकेटच्या गल्ल्या आहेत. कोल्हापूरच्या जुन्या पेठांत भिंतींवर फुटबॉलपटूंची चित्रं दिसतात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम ही संघांची नावं ऐका. आखाड्याचं नाव आणि फुटबॉलची जर्सी असा संगम देशात दुर्मीळ असेल. हिवाळ्यात शाहू स्टेडियमवर लीग सुरू होते आणि पुढं उन्हाळ्यापर्यंत एकामागून एक स्पर्धा चालतात. पाटाकडील आणि शिवाजीची मॅच असली की दुपारीच दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात. गॅलरीत पेठेनुसार बसायच्या जागा ठरलेल्या, आजोबांच्या शेजारी नातू, आणि 'नाद खुळा' हे शब्द छापलेले टी-शर्ट सगळीकडं. परदेशी खेळाडूही इथल्या संघांतून खेळून गेले आहेत. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. या ईर्षेचं काळं अंगही आहे. मॅचनंतर पेठापेठांत मारामाऱ्या होतात, त्यामुळं सामने थांबवायची वेळ येते आणि पोरांवर गुन्हे दाखल होऊन नोकरीची दारं बंद होतात. वस्तादांचा जसा आखाड्यात शब्द चालतो, तसा तो गॅलरीतही चालला पाहिजे. ज्या तालमींनी जाणत्या माणसांना गॅलरीत उभं केलं, तिथं फरक पडतो.

गणेशोत्सवाचीही तीच गोष्ट. विसर्जनाला तुकाराम माळी तालमीचा मानाचा गणपती पुढं निघतो आणि मग मिरजकर तिकटीपासून महाद्वार रोडपर्यंत दुसऱ्या दिवसापर्यंत गर्दी हलत नाही. मिरवणुकीत ढोल-ताशे, लेझीम, मर्दानी खेळ आहेत आणि छाती दडपून टाकणाऱ्या आवाजाच्या भिंतीही आहेत. या भिंती आणि डोळ्यांवर मारलेले लेसर बंद झालेच पाहिजेत. मर्दानी खेळाची पोरं दांडपट्टा फिरवत असताना शेजारच्या भिंतीनं त्यांची हलगी गिळून टाकली, हे दृश्य कुठल्याही जुन्या कोल्हापूरकराला बघवत नाही. दुसरीकडं, पंचगंगा घाण होऊ नये म्हणून बहुतेक मोठ्या मूर्ती आता इराणी खणीकडं जातात. सुरुवातीचा विरोध मावळून हा बदल पेठांनी स्वीकारला, ही तालमींनी ऐकल्याचीच खूण आहे.

दिवाळीत जाणार असाल तर पाडवा आणि भाऊबीज चुकवू नका. गवळी समाजाची आणि पेठांतली दुभत्याची घरं आपल्या म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, त्यांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, अंगावर कातरलेली नक्षी. कसबा बावडा, सागरमाळ, पंचगंगा घाट अशा ठिकाणी माणसांचे थवे जमतात. मालक मोटरसायकल फर्रकन पुढं काढतो आणि म्हैस कानात वारं शिरल्यासारखी त्याच्या मागं पळते, हाक ऐकून मागच्या दोन पायांवर उभी राहते. गाई-बैलांचे सण आपल्याकडं पुष्कळ आहेत. म्हशीला एवढ्या मानानं मिरवणारं शहर मला दुसरं ठाऊक नाही. त्याचं कारण गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर कळतं. संध्याकाळी तिथं म्हशी बांधलेल्या असतात आणि समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. पैलवानाचा खुराक तिथूनच सुरू झाला. तालीम, म्हैस, दूध आणि रांगड्या पोरांचं हे नातं शहराच्या मधोमध अजून टिकून आहे. जागेचे भाव पाहता ते किती टिकेल याची चिंता वाटते. म्हशी बांधायला जागा उरली नाही, तर पाडव्याच्या मिरवणुकीसाठी त्या कुठून येणार?

तालमींच्या जागांचंही तेच आहे. जुनी कौलारू तालीम पाडून तिथं सिमेंटचा मजला चढतो, खाली गाळे निघतात, भाडं येतं. पैसा वाईट नाही, पण नव्या इमारतीच्या नकाशात हौदा असायलाच हवा आणि रस्त्याकडेचा कट्टाही. निधी देणाऱ्या लोकप्रतिनिधींनी आणि नकाशे मंजूर करणाऱ्या महापालिकेनं एवढी अट घातली तरी पुष्कळ काम होईल.

चैत्रात वाडी रत्नागिरीला जोतिबाची यात्रा भरते. गगनाला टेकणाऱ्या सासनकाठ्या, गुलालानं लाल झालेला डोंगर आणि 'चांगभलं'चा गजर पाहायला लाखो लोक येतात. तिच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. मी एवढंच सांगेन की त्या दिवसांत डोंगराच्या वाटेवर यात्रेकरूंना फुकट जेवण वाढणारी, पायाला तेल चोळणारी, बैलगाड्यांपासून मोटरसायकलीपर्यंत सगळं विनामोबदला दुरुस्त करून देणारी जी माणसं दिसतात, तीही याच पेठांतली.

दिवाळीच्या पाडव्याला म्हशी, नोव्हेंबरच्या ९ ते ११ तारखांना किरणोत्सव, आणि त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे चारच्या सुमारास पंचगंगा घाटावर हजारो पणत्या पेटतात. पुढं फुटबॉलचा हंगाम सुरू होतो. यांतलं एक तरी गाठा, आणि मुक्कामाला या. दर्शन झाल्यावर रात्री जुन्या बुधवारात, मंगळवारात किंवा शिवाजी पेठेत पायी हिंडा. एखाद्या तालमीच्या कट्ट्यावर माणसं बसलेली दिसली, तर संकोच न करता पुढचा कार्यक्रम कधी आहे ते विचारा. ते सांगतील, आणि बहुधा जेवायलाही थांबवतील. थांबा.